पाद्रीबाबा, गाढव आणि भरतीची खाडी

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा गाढवं बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकायची नाहीत. आता गाढवं बोलत नाहीत, एवढाच काय तो फरक.

खाडीकाठच्या एका गावात फादर बस्त्याव नावाचे पाद्री होते. माणूस देवभोळा, मनाचा मऊ, पण भारी उतावळा. एके दुपारी त्यांना सांगावा आला, पलीकडच्या तीरावरची कोंसूमाय शेवटच्या घटका मोजतेय, तिला मरणाआधी कपाळाला लावायचं शेवटचं तेल हवंय. फादर आईविना पोर होते. याच कोंसूमायने आपल्या ताटातली भाकरी भरवून त्यांना वाढवलं होतं. ती तेलाविना गेली तर आपण पाद्री होऊन काय उपयोग?

त्यांनी पवित्र तेलाची कुपी गळ्यात बांधली, गाढवावर मांड ठोकली आणि निघाले.

आता त्या गावची एक रीत होती. पवित्र तेल घेऊन पाद्री निघाला, की त्याला कोणी अडवायचं नाही. असाल तिथं गुडघे टेकायचे, मान खाली घालायची, चकार शब्द काढायचा नाही. खाडीवर म्हातारे कोळी जाळी दुरुस्त करत बसले होते. तरणी माणसं होड्या घेऊन समुद्रावर गेलेली. ओहोटीला ही खाडी चालत ओलांडता यायची, पण आता भरती लागली होती, आणि हे त्या सगळ्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी पटापट गुडघे टेकले आणि पाद्रीबाबांना बुडायला वाट करून दिली!

गाढवाचा मात्र बाप्तिस्मा झालेला नव्हता. ते काठावर थांबलं आणि म्हणालं, "फादर, पाणी चढतंय."

"विश्वास ठेव रे! विश्वासानं डोंगर हलतो!"

"डोंगर हलत असेल, मी नाही हलणार. विश्वास तुमचा आहे, पाय माझे आहेत."

"नास्तिक कुठला!" फादर खाली उतरले, झगा वर खोचला आणि तरातरा पाण्यात शिरले. दहाव्या पावलाला पाणी कमरेला लागलं, बाराव्याला गळ्याला. कुपी तेवढी गळ्यातून काढून हात उंच करून धरली होती. "अरे धावा! मेलो!"

एका कोळ्याने खाली घातलेल्या मानेनेच विचारलं, "ओढायचं का रे?"

"ओढणं म्हणजे अडवणंच की!" दुसरा कुजबुजला.

शेवटी गाढवच उलट्या पावलांनी पाण्यात गेलं आणि त्याने शेपूट पुढे केलं. शेपटीला लोंबकळत फादर बाहेर आले.

"तुम्ही सांगितलं का नाही?" ते कोळ्यांवर कडाडले.

त्यांतला सगळ्यात म्हातारा इंत्रूनाना कान खाजवत म्हणाला, "रीत आहे ना, फादर."

"चुलीत गेली रीत! माझी माय मरतेय तिकडे!" फादर वाळूत बसून लहान पोरासारखे रडू लागले.

इंत्रूनाना विरघळला. म्हणाला, "त्या उंडीच्या झाडापासून पाण्याखाली दगडी बांध आहे. माझ्या बाबानं घातलेला. चाळीस वर्षं तो त्यावरून मासळीच्या टोपल्या नेत होता, अन् पंधरवड्यामागं भरतीतच मीही गेलो. पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. पायात शिंगाळा माशाचा काटा मोडलाय, नाहीतर मीच नेलं असतं. पलीकडचा पांढरा क्रूस नाकासमोर धरा अन् चला."

गाढवाने पाण्याकडे पाहिलं. सगळं गढूळ. "मला कुठं बांध दिसत नाही. दिसत नाही तिथं मी पाय टाकत नाही."

"इंत्रूनाना कधी खोटं बोललाय?" फादरांनी डोळे पुसत विचारलं.

"नाही."

"तो या वाटेनं गेलाय?"

"म्हणतो तर खरा."

"त्याला खाडी माहीत आहे?"

"माझ्यापेक्षा जास्त."

"मग आता न दिसणाऱ्या दगडावर पाय टाकणं हेच शहाणपण नाही का, गाढवा?"

गाढवाने बराच विचार केला. मग डोळे मिटून एक खूर पाण्यात टाकला. खाली दगड लागला. दुसरा टाकला, तिथंही दगड. क्रूसावर नजर ठेवून फादर वाट दाखवत होते, खुराने चाचपत गाढव पाऊल टाकत होतं. असं करत करत दोघं पलीकडे पोहोचली.

कोंसूमायचा जीव अजून होता. चिखलाने माखलेल्या फादरांना बघून ती एवढ्याशा आवाजात म्हणाली, "उशीर का रे, बस्त्याव?"

"विश्वासानं आलो गं, माय."

"आणि अक्कल?"

फादर ओशाळले. "ती बाहेर अंगणात बांधलीय."

"मेल्या, तिलाही आत घे. तिनंच आणलं ना तुला!"

गाढव आत आलं. फादरांनी बोटाने मायच्या कपाळाला तेल लावलं. तिने एक हात फादरांच्या डोक्यावर ठेवला, दुसरा गाढवाच्या, आणि हसत हसत शांतपणे डोळे मिटले. फादर रडले, पण त्यांच्या काळजावरचं ओझं उतरलं होतं.

तेव्हापासून त्या गावात तेल घेऊन पाद्री निघाला, की लोक आधी भरतीची वेळ सांगतात आणि मगच गुडघे टेकतात.

तात्पर्य : श्रद्धा कुठं जायचं ते सांगते, बुद्धी पाय कुठं टाकायचा ते सांगते, देवाने दोन्ही दिल्या आहेत, तर एकीला घरी ठेवून निघू नये.