कंटाळा येतो

“इंग्रजीत इतके शब्द, आणि आपल्याकडे एकच! असं का, बुवा?”

डिंगरे सरांनी बसता बसताच विचारलं. नमस्कार नंतर केला.

केसोबुवा मठाच्या ओसरीवर सांजच्या पूजेसाठी चंदन उगाळत होते. सहाणेवर खोड गोल गोल फिरत होतं. त्यांनी मान वर केली नाही.

“कशाला एवढं शब्द, मास्तर?”

“कंटाळ्याला.”

“कंटाळ्याला?”

“हो! डल. ड्रॅब. ड्रिअरी. टीडियस. मोनोटोनस. हमड्रम.” सर बोटं दुमडत मोजू लागले. “धार गेलेलं असेल तर डल. रंग उडालेलं असेल तर ड्रॅब. काम नुसतं लांबतच गेलं तर टीडियस. एकाच सुरातलं ते मोनोटोनस. माझ्या वहीत असे चाळीस आहेत. आणि मराठीत? कंटाळवाणं म्हटलं की संपलं.”

रटाळ, नीरस हे शब्द सरांना येत नव्हते असं नाही. पण आत्ता ते आठवणं सोयीचं नव्हतं.

“चाळीस...” बुवा म्हणाले. त्यांनी सहाणेवर चार थेंब पाणी शिंपडलं. “ह्यातला तुमास्नी कंचा झालाय?”

सरांनी उत्तरासाठी तोंड उघडलं.

डल? छे, डोकं अजून तल्लख होतं. टीडियस? तास तर भुर्रकन संपायचा. मोनोटोनस? त्यांचा आवाज चांगला वरखाली व्हायचा, शाळेत त्याचं कौतुक होतं. सरांनी मनातल्या मनात अख्खी वही चाळली. चाळीस शब्दांचा धनी माणूस, आणि स्वतःच्या दुखण्याला नाव देता येईना.



तेवढ्यात अंगण झाडून झालेली कौसाबाई केरसुणी कोपऱ्यात ठेवून म्हणाली, “येते, बुवा.”

“या,” बुवा म्हणाले.

येते म्हणून कौसाबाई गेली.

“घरी वैनी काय म्हणत्यात?” बुवांनी विचारलं.

“तिनंच पाठवलंय. म्हणाली, बुवांना विचारल्याशिवाय कागद द्यायचा नाही.”

“कसला कागद?”

सरांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. शब्दांचा तोरा आता कुठच्या कुठे गेला होता.

“राजीनामा. उद्या सकाळी मुख्याध्यापकांच्या हातात ठेवणार आहे.”

बुवांचा हात थांबला नाही.

“गुरुवारी आठवीच्या वर्गात शिकवत होतो. मोनोटोनस शब्द आला. मी म्हणालो, ‘मुलांनो, हा शब्द एवढा लांबलचक आहे की...’ आणि अख्ख्या वर्गानं पुढचं म्हटलं. ‘बोलणाऱ्यालाच झोप येते!’ माझा विनोद, बुवा. माझ्याच सुरात. पुढं मी खोकतो, चष्मा पुसतो. पोरं खोकलीसुद्धा.”

“सगळी?”

“सगळी.”

“एकदम?”

“एकदम! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच वर्गाबाहेर आलो. हसत होती पोरं... पण प्रेमानं हसली की टिंगल केली, तेच मला कळत नाही. तीन दिवस झाले, कळत नाही.” सरांनी चष्मा काढून पुसला. “चोवीस वर्षं, बुवा. तेच धडे, तोच विनोद, तोच खोकला. तेच तेच उगाळतोय.”

बुवांनी पहिल्यांदा मान वर केली.

“मग सवय असंल तुमास्नी,” ते म्हणाले, आणि सहाण सरांच्या पुढ्यात सरकवली. “धरा.”

“मी? अहो, मी सल्ला विचारायला आलोय.”

“धरा की.”

सरांनी कागद परत खिशात कोंबला आणि खोड हातात घेतलं. दोन वेढे दिले. दहा दिले.

“किती वेळ?”

“गंध हुईस्तवर.”

...

ओसरीवर फक्त खोडाचा आवाज. नदीकडून धुणं आपटल्याचा आवाज यायचा, तोही थांबला. सरांचं मनगट भरून आलं. खोड होतं तेवढंच दिसत होतं. सहाणेवर पाण्यापेक्षा जरा घट्ट असं काहीतरी जमलं होतं, त्याला गंध म्हणावं की नाही, सरांना ठरवता येईना. यात काही शिकवण असेल तर ती कुठून सुरू होते तेही कळेना.

“बुवा...”

“बोला.”

“कंटाळा येतो.”

वहीतला एकही शब्द मदतीला आला नाही. हाच आला.

बुवांनी चटकन दाराकडे बघितलं. “कुठं हाय?”

“कोण?”

“कंटाळा. येतो म्हणालात न्हवं?”

“आला नाही हो. म्हणजे आला, पण... येतो असं म्हणायची रीत आहे.” सर अडखळले. जन्मभर पोरांना काळ शिकवलेला माणूस, त्याला आपलंच वाक्य कुठल्या काळातलं ते सांगता येईना. “तो येतो. मला येतो.”

“म्हंजी येतो म्हणाला.”

“कोण म्हणाला? मी म्हणालो!”

“बरं,” बुवा म्हणाले, आणि डोळे मिटून बसले.

सर चिडले. चिडून जोरात उगाळू लागले. या म्हाताऱ्याला आपलं दुखणं समजलंच नाही, की समजून हा आपली फिरकी घेतोय? आणि समजलं असेल तर सांगत का नाही? द्यावा राजीनामा, की न द्यावा? एका शब्दाचं उत्तर होतं.

बुवांनी डोळे उघडले तेव्हा ऊन अंगणातून निघून गेलं होतं.

“झालं की,” ते म्हणाले.

सरांनी खाली बघितलं. सहाण गंधानं भरली होती. ती कधी भरली, ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. वासही आत्ता आला. आधीपासून येत असणार, पण सरांना आत्ता आला.

बुवांनी एक बोट बुडवून सरांच्या कपाळाला लावलं. मग वाटीत गंध काढून घेतलं आणि गाभाऱ्याकडे वळले.

“पण बुवा, माझा कागद?”

बुवा उंबरठ्याशी थांबले.

सर उभे राहिले. गुडघे आखडले होते, डोक्यात नुसता गोंधळ होता. बोटं चंदनाची, खिशात राजीनामा, आणि उत्तराचा पत्ता नाही. बायको विचारेल, बुवा काय म्हणाले? काय सांगायचं तिला? त्यांनी चपला पायात सरकवल्या. बोटं पुसायला खिशाकडे हात नेला, आत कागदच आहे हे आठवून मागं घेतला.

मग जाताना सगळे म्हणतात तेच म्हणाले.

“येतो, बुवा.”

बुवा वाटी हातात धरून मागं वळले.

“मगाशी तुमचा कंटाळाबी हेच म्हणाला हुता, मास्तर. तुमा दोघातलं नक्की चाललंय कोण?”