आवडाक्काचं कौल

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, तेव्हा वर्षं मोजत बसायला कुणाला सवड नव्हती. चारी बाजूंनी डोंगर असलेलं एक राज्य होतं. त्या राज्यात यायला-जायला एकच वाट, ती म्हणजे एक खिंड. खिंडीच्या आतल्या तोंडाशी एक वाडी होती आणि त्या वाडीत आवडाक्का नावाची कुंभारीण राहायची. दोन गाढवं, एक भट्टी आणि फटकळ तोंड, एवढीच तिची इस्टेट. ती कौलं भाजायची, गाढवांवर लादायची आणि खिंडीतून पलीकडच्या बाजाराला न्यायची.

त्या साली शेजारच्या राजाने निरोप धाडला. यंदा दसऱ्याचं सीमोल्लंघन तुमच्याच राज्यात करू म्हणाला. म्हणजे सरळ सरळ लढाई. राजधानी खिंडीपासून दोन दिवसांच्या वाटेवर, पण आवडाक्काची वाडी खिंडीला चिकटून. शत्रू आत आलाच तर पहिली तिचीच झोपडी पेटणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

इकडे राजधानीत एक परदेशी सौदागर आला. त्याने राजवाड्यापुढच्या मैदानात एक नवाकोरा रणरथ उभा केला. काय तो रथ, काय त्याचा थाट. पितळी छत्र, चार पांढरे घोडे, वर दहा धनुर्धारी उभे राहतील एवढी जागा. मैदानात त्याने तीन फेऱ्या मारल्या आणि सेनापतीने तिथेच मिशीला पीळ दिला. "महाराज, असे तीस रथ घ्या. खिंडीतून पलीकडच्या माळावर नेतो आणि शत्रूला तिथेच भुईसपाट करतो."

मग काय विचारता. गावभर ज्याच्या त्याच्या तोंडी रथ. ज्याने जन्मात साधी बैलगाडी हाकली नाही, तोही पारावर बसून चाकाला आरे किती असावेत ते सांगू लागला. न्हावी म्हणे घोडे सहा हवेत. हलवाई म्हणे छत्र चांदीचं हवं. प्रधान एक बोले, पुरोहित दुसरंच बोले. राजाचं डोकं भणभणलं. त्याने कारकुनाला बोलावलं आणि म्हणाला, "या शहाण्यांचं पुरे झालं. दर गावातून एकेक कौल मागवा."

राजाच्या मनात होता तो गावकऱ्यांचा कौल, म्हणजे त्यांचं मत. पण कारकुनाच्या घराचं छप्पर त्याच आठवड्यात उतरवलेलं, आणि बिचाऱ्याच्या डोळ्यांपुढे दिवसरात्र दुसरीच कौलं नाचत होती. 'दर गावाने एक कौल पाठवावा' असं लिहायचं, ते त्याने 'पाठवावे' असं लिहिलं. एका मात्रेची चूक. तुम्ही म्हणाल, एका मात्रेने असं काय मोठं होतं? ऐका तर खरं.

हुकूम वाडीत पोचला तेव्हा लोक हसून लोळले. "राजवाडा गळतोय वाटतं," पाटील म्हणाला. आवडाक्का हसली नाही. राजाला तोंडावर एक गोष्ट विचारायची होती तिला, आणि ही संधी आयतीच चालून आली होती. तिने भट्टीतलं एक खणखणीत कौल पदरात बांधलं आणि राजधानीची वाट धरली.

दरबारात पोचते तो काय, सिंहासनापुढे कौलांचा हा ढीग. तिनेही आपलं कौल त्यातच ठेवलं. कारकून खांबाआड दडलेला. राजा आधी लालबुंद झाला आणि मग पोट धरून हसायला लागला. हसू ओसरलं तसं त्याने एकेक कौल बघत पुढे जायला सुरुवात केली, आणि आवडाक्काच्या कौलाशी येऊन थांबला. बाकीची कौलं दीड-दीड हात लांब. हे जेमतेम वीतभर.

"हे एवढंसं कौल कोणत्या गावचं?" राजाने विचारलं.

सेनापती म्हणाला, "माणसंही एवढीशीच असतील तिथली." सगळा दरबार खदखदला.

आवडाक्काच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती पुढे आली. "महाराज, मी खिंडीतली कुंभारीण. आमचं कौल लहान हाय, कारण आमची खिंड लहान हाय. मोठं कौल टोपलीत आडवं बसवलं की दोन्ही अंगाला दरडीला घासतं आन फुटतं. माझ्या आजेसासूनं पहिल्या खेपेला अर्धी कौलं फोडली, आन मग साचाच लहान केला. तवापासनं आमच्याकडं हेच माप."

राजाचं हसू मावळलं. "खिंड नेमकी किती रुंद आहे?"

"दावते की," आवडाक्का म्हणाली. ती दरबाराच्या फरशीवर बसली आणि तेच एक कौल पुढे पुढे सरकवत मोजू लागली. "ही डावी टोपली, दोन कौलं. हे गाढवाचं पोट, तीन कौलं. ही उजवी टोपली, दोन. झाली सात. यावर बोट शिरंल एवढी जागा उरत न्हाई." मग ती तशीच उठली आणि मैदानात रथापाशी गेली. सगळा दरबार तिच्यामागे. चाकापासून चाकापर्यंत तिने रथ मोजला. अकरा कौलं भरली.

सेनापती गोरामोरा झाला. खिंडीतून तो शंभरदा गेला होता, पण घोड्यावर बसून, नजर लांब ठेवून. दोन्ही बाजूंच्या दरडी किती जवळ आहेत हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तरी तो म्हणाला, "खिंड फोडून रुंद करू."

"करा की. मग त्यांचेबी रथ आत येतील. पहिले माझ्या दारात."

सौदागर पुढे सरसावला. "महाराज, अडाणी बाईचं काय ऐकता? हा रथ जगात कुठेही जातो."

आवडाक्काने त्याच्याकडे निरखून पाहिलं. महिन्यापूर्वी तिच्या वाळत घातलेल्या कौलांवरून काही खेचरं गेली होती, पाठीवर पोत्यात गुंडाळलेली लांबलचक ओझी घेऊन. ती ओझी कसली होती ते तिच्या आत्ता ध्यानात आलं. "भाऊ," ती शांतपणे म्हणाली, "तुमी खिंडीतनंच आलात ना? मग रथ हाकत आणलात, का सुटा करून लादून?"

सौदागर रथाच्या चाकावरची धूळ झटकू लागला.

"सांगा," राजा म्हणाला.

"सुटा करून, महाराज. जोडायला सहा दिवस लागतात."

"म्हणजे पलीकडच्या माळावर शत्रूने सहा दिवस पानसुपारी खात थांबायचं, असंच ना?" राजाने विचारलं. मग तो आवडाक्काकडे वळला. "आणि तू काय विचारायला आली होतीस?"

"एवढंच, की आमची वाडी राखणार कोण?"

राजाने ते वीतभर कौल हातात घेतलं आणि म्हणाला, "तू दाखवशील त्या मापाने आम्ही राखू."

रथ परत गेला. राज्यातल्या सुतारांनी पाच कौलं रुंदीचे छकडे केले, एका तट्टाचे, बुटके, पुढे जाड फळीची आड असलेले. त्यात कसेबसे दोन धनुर्धारी मावायचे. ना छत्र, ना पितळ. राजधानी हसली. पोरं छकड्यांमागून टाळ्या पिटत धावायची. सौदागर मात्र थेट शेजारच्या राजाकडे गेला आणि तसलेच तीस रथ त्याला विकले. खिंडीची रुंदी त्याने दरबारात उभं राहून ऐकली होती. पण तो रथ विकायला निघाला होता, खिंड कुठे विकत होता तो?

तीस रथांची बातमी आली तसं वाडीतल्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. "आक्के, तुझ्यापायी आम्ही मरणार," पाटील म्हणाला. "तिकडे रथ आणि इकडे छकडे." बायकापोरं डोंगरावर निघाली. आवडाक्का नाही गेली. भीती तिलाही वाटत होतीच, खोटं कशाला सांगू. मोजताना एखादं कौल चुकलं तर? ती सकाळी उठून रिकामं गाढव घेऊन खिंडीत जायची, पुन्हा मोजायची. सातची सातच भरायची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं वर आल्यावर, शिंगं वाजली. शत्रूचे रथ माळावरून दौडत आले. लांबून पाहिलं तर छातीत धडकी भरावी असेच. पहिला रथ भरधाव खिंडीच्या निमुळत्या तोंडात घुसला आणि कडकड आवाज झाला. दोन्ही चाकं दोन्ही दरडींत घट्ट रुतली. मागचा त्याच्यावर आदळला, त्याच्या मागचा त्याच्यावर. घोड्यांना वळता येईना, माणसांना उतरता येईना, आणि मागून येणाऱ्यांना पुढे काय झालंय तेच कळेना.

मग आतल्या बाजूने टपटप करत छकडे निघाले, एकामागे एक. पहिल्या छकड्यात सेनापती होता, गुडघे हनुवटीला लावून बसलेला. तो अडकलेल्या रथापुढे थांबला आणि पितळी छत्राखालच्या शत्रूच्या सरदाराला म्हणाला, "राव, उतरा आता." मागच्या छकड्यांवरून बाण रोखलेले. सरदाराने पुढे पाहिलं, मागे पाहिलं आणि तलवार खाली टाकली. दुपार कलायच्या आत शेजारच्या राजाने तहाचं पांढरं निशाण लावलं. आपल्या बाजूची जीवितहानी म्हणाल तर एका तट्टाचा पाय मुरगळला.

डोंगरावरची माणसं खाली धावत आली. ढोल, गुलाल, आरोळ्या, नुसता कल्ला. पाटलाने आवडाक्काच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि मान खाली घातली. "एक दिवस उशीर झाला, आक्के, पण आमचा खरा दसरा आजच." आवडाक्काला रडू आवरेना. तिची झोपडी जागच्या जागी उभी होती.

अडकलेले रथ तोडूनच काढावे लागले. पुढचं वर्षभर आवडाक्काची भट्टी त्या लाकडावर पेटत राहिली, आणि त्या भट्टीतल्या कौलांनी सेनापतीने वाडीच्या राखणीसाठी खिंडीत बांधलेली नवी चौकी शाकारली, स्वतः शिडीवर चढून. ते वीतभर कौल राजाने सिंहासनाशेजारी ठेवलं. पुढे कुणी नवं हत्यार किंवा वाहन घेऊन दरबारात आलं, की राजा आधी ते कौल त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "हे घेऊन खिंडीतल्या आवडाक्काला भेटून या, मग बोलू." आणि कारकुनाला त्या एका मात्रेबद्दल पगडी मिळाली.

तात्पर्य: लढाईचं वाहन घेण्याआधी ते जिथून न्यायचं त्या वाटेने रोज जाणाऱ्याचा कौल घ्यावा.