बोरूचं बेट

फार फार वर्षांमागची गोष्ट. एका गावात एक माळी राहायचा. त्याच्या बागेत विहिरीच्या खालच्या अंगाला बाराही महिने चिखल. गुलाब लावा, कुजला. जास्वंद लावा, कुजली. माळ्याने त्या कोपऱ्याचा नादच सोडला होता.

पण त्याची बायको मोठी खटपटी. दूरदेशीच्या एका वाटसरूने दिलेला बोरूचा, म्हणजे लेखण्या करतात त्या उंच गवताचा, कोंब तिने त्या चिखलात लावला. बघता बघता तिथे दोन पुरुष उंच बेट झालं! दिवाळीला त्यावर रुपेरी तुरे डोलायचे. तसला बोरू पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

दर शिमग्याला ती कोयता घ्यायची आणि सगळं बेट वीतभर ठेवून छाटून टाकायची. माळी हळहळायचा.

"अहो, जुनं काढलं नाही तर नवं गुदमरतं," ती म्हणायची. एका दिवाळीला ती म्हणाली, "यंदा बेट चांगलं भरलंय. शिमग्याला मुळांचा गड्डा फोडून शेजारणीला द्यायचाय हं, मी शब्द दिलाय."

तो शिमगा काही तिला दिसला नाही. माघात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

शिमग्याला शेजारीण कुंपणाशी आली. "भावजी, अक्का मला बोरू देणार होत्या. माझ्या मोरीमागेही चिखलच आहे."

"तिच्या हातचं आहे ते, वहिनी. मी त्याला कोयता लावणार नाही."

आता माळीच तो, त्याला का कळत नव्हतं? कळत होतं हो! पण कोयता उचलायचा आणि पुन्हा खाली ठेवायचा. बिचारा रोज संध्याकाळी तिथे बसून तुऱ्यांशी बोलायचा.

पुढच्या शिमग्यालाही शेजारीण आली आणि रिकाम्या हाती परत गेली.

तिसऱ्या वर्षी दिवाळी उलटली तरी एक तुरा आला नाही. माळ्याने वाळक्या काड्या बाजूला सारल्या. आत सगळं काळं पडून कुजलं होतं.

तो धावतच शेजारणीकडे गेला. "वहिनी, तिने तुम्हाला कधी एखादा कोंब दिला होता का हो? एवढासा असला तरी चालेल."

शेजारणीचे डोळे भरून आले. "देणार होत्या, भावजी. तुम्हीच नाही म्हणालात ना."

दोघांनी मिळून सगळा चिखल उकरला. एकही जिवंत मूळ हाती लागलं नाही.

"आज खरी गेलीस गं तू," म्हणत माळी त्या चिखलातच बसून रडला.

तात्पर्य: गेलेल्या माणसाची आठवण नुसती कवटाळून टिकत नाही, त्याचं काम आपण पुढे चालवलं आणि त्याचं देणं चार घरी पोचवलं, तरच ती जगते.