लेकरांच्या माळावर नांगर

मुकुंदनाथ महाराजांचा मुक्काम बोरवंड गावी असतानाची ही गोष्ट. भाविकहो, ही हात जोडून ऐकायची खरी, पण मान ताठ ठेवून!

पटकीच्या साथीत या गावाने ओढ्यापलीकडचा माळ तान्ह्या लेकरांना पुरण्यासाठी सोडला. तिथे ना दगड रोवायचा, ना खूण करायची. बापाने लेकरू ठेवायचे, माती लोटायची आणि मागे वळून न पाहता घरी यायचे, अशी रीत. मागचे सारे पाहायची ती सारजा. तिची तान्ही लेकही तिथेच निजली होती. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून ती सगळ्याच लेकरांवर बोरीच्या काट्या अंथरी, पावसाने खचलेली माती पुन्हा सारखी करी. कुणी सांगितले नव्हते, कुणी मूठभर जोंधळेही देत नव्हते. शिदोजी पाटील तर चावडीवर बसून हसत, "मेलेल्यांची दाई!"

एके सकाळी त्याच पाटलांनी माळावर नांगर आणला. त्यांना तिथे ऊस लावायचा होता. सारजा बैलांपुढे उभी राहिली.

"सारजे, हो बाजूला. रिकामी जमीन हाय ही."

"रिकामी? माझी लेक हाय हितं. न्हाय हलायची मी. घाला नांगर माझ्यावरनं!"

पाटलांनी तिला ढकलले. ती पडली, उठली, पुन्हा उभी राहिली. बांधावर गाव नुसते बघायला जमले होते! तेवढ्यात महाराज आले.

"पाटील, खुशाल नांगरा," महाराज म्हणाले. "फक्त तुमचा थोरला जिथे ठेवलात, तेवढी जागा सोडा."

पाटील चपापले. थोरला लेक तान्हेपणीच गेला, तेव्हा त्याला त्यांनी स्वतःच्या हातांनी इथे आणले होते. मागे वळून मात्र पाहिले नव्हते. पण पाटीलकीची ऐट कुठली गप्प बसू देते? "असंल तिकडं कुठंतरी," म्हणत त्यांनी बैल हाकले. दोन पावलांत बैलांनी गुडघे टेकले. आसूड ओढला, शेपट्या पिरगाळल्या, जोडी दुसरीकडे नेली. काय ती लीला! जिथे न्यावे तिथे बैल माती हुंगत आणि खाली बसत.

"महाराज, ह्यातला माझा कंचा?" पाटलांनी आसूड खाली टाकला.

"सारजाने कधी विचारले का, यातला पाटलांचा कोणता?"

पाटील महाराजांच्या पायांशी वाकू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नाही, पाटील."

तेव्हा पाटलांनी पटका उतरवला, सारजापुढे हात जोडले, आणि लेकरू कुठे आहे ते ठाऊक नसल्याने उभे होते तिथेच मातीला कपाळ टेकले. सारजाने त्यांना 'उठा' म्हटले नाही.