लोहध्वजाच्या पाठीवरचे छप्पर

एकदा एका वृद्ध खेळणीकाराची शिष्या संग्राहकांच्या भरसभेतून संतापाने उठून कार्यशाळेत परत आली. तिचे नाव मालविका. हातात कापडात गुंडाळलेला यंत्रमानव होता, आणि चपला उंबऱ्याबाहेर काढण्याचेही तिला भान उरले नव्हते.

वीतभर उंचीचा हा यंत्रमानव तिने दीड वर्ष खपून घडवला होता. त्याचे हातपाय ठरावीक क्रमाने दुमडले, की त्याची मालमोटार होई. उलट क्रमाने उलगडले, की तो पुन्हा माणसासारखा उभा राही. एका चित्रकथेतील लोहध्वज नावाच्या वीराची ती प्रतिकृती होती. त्या नगरातील संग्राहक मंडळाने या प्रतिकृतीला मान्यता दिली असती, तर एक व्यापारी तिच्या हजार प्रती मालविकेच्या नावानिशी बाजारात आणणार होता. गुरूच्या नव्हे, स्वतःच्या नावाने ओळखले जाणारे तिचे ते पहिलेच काम ठरले असते.

"काय म्हणाले मंडळ?" गुरुजींनी हातातली कानस खाली न ठेवताच विचारले.

"मंडळ कसले, गुरुजी! एकाने व्हर्नियर मोजपट्टी लावून खांदे मोजले. चित्रापेक्षा दीड मिलिमीटर रुंद! दुसरा म्हणाला, निळा रंग चौथ्या भागातल्या लोहध्वजाचा आहे, पहिल्या भागातल्या नाही. त्यावरून त्या दोघांची अर्धा तास जुंपली. तेही सोसले मी. पण ते भिंगवाले अध्यक्ष! पाठ पाहिली आणि म्हणाले, 'बाई, तुमचा लोहध्वज लढायला निघालाय की स्टेशनावर हमाली करायला?' सगळी सभा खो खो हसली."

पाठीवर मोटारीचे छप्पर होते. बाकीची मोटार छातीत आणि हातापायांत सामावून जाई. छप्पर तेवढे बिजागरीवर दोनदा दुमडून पाठीवर बसे, आणि कितीही दाबले तरी बोटभर उंचवटा राहीच.

"चित्रात पाठ सपाट आहे," मालविका म्हणाली. "व्यापाऱ्याने आठ दिवस दिले आहेत. तेवढ्यात ती सपाट झाली नाही, तर तो दुसऱ्या कारागिराचा नमुना घेणार."

"चित्रातले छप्पर कुठे गेले?"

"कुठेच नाही. चित्रकाराने ते काढलेलेच नाही."

"बरे आहे त्याचे," गुरुजी म्हणाले आणि पुन्हा कानस चालवू लागले.

या उत्तराने ती अधिकच चिडली. परक्यांनी थट्टा करावी आणि आपल्या माणसानेही असे तुटक बोलावे! सहा दिवस तिने छपराला तिसरी घडी घालून पाहिली, पत्रा घासून पातळ केला, पाठीत खोबण पाडली. उंचवटा केसभर घटला. नाहीसा झाला नाही. सातव्या दिवशी तिने बिजागरी काढून टाकली आणि तिच्या जागी दोन चुंबक बसवले. छप्पर आता चिमटीत धरताच अलगद सुटू लागले. ते काढून घेतले, की पाठ आरशासारखी सपाट. तिने ती गुरुजींना दाखवली नाही.

आठव्या दिवशी सभा भरली. गुरुजीही येऊन मागच्या बाकावर बसले. मंडळाची एक जुनी रीत होती. नमुना टेबलावर यंत्रमानवाच्या रूपात उभा करायचा, शेजारी चित्र ठेवायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे. त्याची मोटार होते, हे कर्त्याच्या शब्दावर मान्य केले जाई. सांधे झिजतील या भीतीने त्याला कोणी मोटारीच्या रूपात वळवून पाहत नसे.

अध्यक्षांनी भिंगातून पाठ न्याहाळली. "वा! याला म्हणतात तंतोतंत. चित्रातून उतरून आलाय जणू!" माना डोलल्या. व्यापाऱ्याने सहीसाठी पेन काढले. मालविका हसली; छप्पर तिच्या मुठीत होते.

तेवढ्यात गुरुजी उठून तिच्याजवळ आले आणि त्यांनी तिच्यापुढे हात पसरला. ती गोरीमोरी झाली. तिने मूठ उघडली. गुरुजींनी छप्पर उचलले, आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकले आणि ते अध्यक्षांना म्हणाले, "आता याची मोटार करा, साहेब."

"अहो, सांधे झिजतील!"

"झिजू देत. सांधे त्यासाठीच असतात."

अध्यक्षांनी नाखुशीने पाय दुमडले, हात आत घेतले. मोटार झाली, पण चालकाच्या डोक्यावर मोकळे आभाळ.

"हे काय? छप्पर कुठंय?"

"माझ्या खिशात."

"मग द्या ना ते!"

"का बरे? दोन मिनिटांपूर्वी हा तंतोतंत होता. तेव्हा आपण छप्पर मागितले नाही."

"पावसाळ्यात चालवू नका म्हणावं!" मागून कोणीतरी म्हणाले, आणि पुन्हा हशा पिकला.

मालविकेचे कान तापले. भरसभेत गुरूनेच आपली शोभा करावी! "गुरुजी, छप्पर द्या," ती दात आवळून म्हणाली. "दुसरेही सुटे भाग ठेवतात. चित्राशी जुळवायचे, तर दुसरा मार्ग काय आहे?"

गुरुजींचा आवाज चढलेला तिने आजवर कधी ऐकला नव्हता.

"चित्रकाराला नको ती वस्तू खोडता येते. आपल्याला ती कुठेतरी ठेवावी लागते. आपली सारी विद्या तेवढीच आहे! मोटार होती आणि तिचा माणूस झाला, असे आपण जगाला सांगतो. मग मोटारीचा कण न् कण त्या माणसात असला पाहिजे. जे सामावले नाही ते काढून बाजूला ठेवले, तर रूपांतर झाले कुठे? कोणी टोपी काढून खुंटीला लावली, इतकेच घडले. जे सामावत नाही ते पाठीवर दिसेल. दिसू दे! लोक हसतात म्हणून आपण आपलेच अंग मुठीत लपवायचे? आणि साहेब, आपण दीड मिलिमीटर मोजलात, पण ज्या कामासाठी हे खेळणे जन्मले, ते काम त्याच्याकडून एकदाही करवून घेतले नाहीत. याला काटेकोरपणा म्हणत नाहीत."

गुरुजींनी छप्पर काढून मालविकेच्या तळहातावर ठेवले. "तुझे आहे. कुठे ठेवायचे, ते तूच ठरव."

"बाई, वेळ घालवू नका," व्यापारी समजुतीच्या स्वरात म्हणाला. "म्हाताऱ्या माणसांचं काय मनावर घ्यायचं? छप्पर सुटंच राहू द्या, खोक्यात वेगळ्या पुडीत घालू. करताय ना सही?"

तिने छपराकडे पाहिले. घासून घासून पत्रा इतका पातळ झाला होता, की त्यातून बोटाची ऊब जाणवत होती. ती टेबलाशी बसली. सोबत आणलेल्या हत्यारांच्या डबीतून बिजागरी काढली, चुंबक उचकटले आणि एकेक स्क्रू पिळत छप्पर जागच्या जागी जोडले. अर्धा तास लागला. कोणीही उठून गेले नाही. मग मोटारीचा माणूस करून तिने तो सर्वांसमोर उभा केला, पाठ सभेकडे करून.

"हा असा आहे, शेटजी. घ्यायचा असेल, तर असाच घ्यावा लागेल."

व्यापाऱ्याने पेन खिशात ठेवले. दुसऱ्या कारागिराचा नमुना त्याच सभेत मान्य झाला.

सभा पांगताना व्हर्नियरवाले गृहस्थ घुटमळले. "एकदा वळवून पाहू का मी?" त्यांनी संकोचून विचारले. एकदा म्हणता म्हणता त्यांनी तो तीन वेळा वळवला.

परतीच्या वाटेवर मालविका भराभर पावले टाकत होती.

"अजून रागावली आहेस?" गुरुजींनी विचारले.

"हो."

"मंडळावर?"

"नाही, गुरुजी. सातव्या दिवशीच्या माझ्याच हातांवर."

गुरुजींनी चालता चालता तिच्याकडे एकदा पाहिले. "तेवढा राग जपून ठेव," ते म्हणाले. "कारागिराला तो लागतो."