सगळ्या बिळांचा एकच शब्द

डोंगरांना अजून कोणी नावं ठेवली नव्हती, तेव्हाची गोष्ट. रेवा नावाच्या साळिंदरीने बिळाला बसवायचं दगडी दार शोधून काढलं. परवलीचा शब्द ऐकला, तरच आतली पिलं ते उघडायची. रेवाने ही विद्या वडाखाली बसून सगळ्यांना फुकट शिकवली आणि शिकवताना शब्दही सांगून टाकला, ‘करवंद’.

“मावशी, शब्द असा चारचौघांत सांगायचा का?” चिंगी उंदरीण म्हणाली. “ज्याचा त्याला ठरवू दे.”

“पिलांच्या लक्षात राहायला एकच बरा. इथे सगळी आपलीच तर आहेत,” रेवा हसली. चिंगीनेही मग तोच शब्द ठेवला.

गवतात पडून एक धामण ऐकत होती.

चिंगी दाणे घेऊन परतली, तेव्हा तिचं दार सताड उघडं होतं. आत एकही पिलू नव्हतं. शेजारची दारंही तशीच उघडी होती.

रेवाने तिचे पाय धरले. चिंगी एवढंच म्हणाली, “बाकीच्यांना तरी सांग.”

पण विद्या त्या शब्दासकट डोंगरोडोंगरी पोचली होती. कोण कोणाकडून शिकलं, कोणालाच ठाऊक नव्हतं. रेवा वणवण फिरली. बहुतेक ठिकाणी तिला उशीर झाला; दारं आधीच सताड उघडी होती. एका उतारावर मात्र एक उंदीर नवंकोरं दार बसवत होता.

“बाबा रे, तो शब्द बदल! शत्रूला तो कळलाय, पिलं जातायत!”

“सगळं रान हाच शब्द वापरतं. सगळे काय वेडे आहेत? पोरांना घाबरवू नका, आजी.” त्याने दार लावून घेतलं.

रेवा घसा बसेपर्यंत ओरडली. इथेच पहारा करावा, तर पलीकडच्या डोंगरावर अशीच कितीतरी दारं होती. तिला तिथे बसवेना आणि तिथून उठवेना.