अर्ध्यावर थांबलेलं नाव

संगणक कपाटाएवढे असत, त्या काळातला एक थोरला संगणक कॉलेजच्या अडगळीत उभा होता. उद्या भंगारवाला येणार, हे त्याने ऐकलं होतं. प्राचार्या धारपबाई म्हणाल्या, "शंभर नावं छापून दाखवलीस, तर ठेवू."

शेजारचा धाकटा संगणक हसला. "आजोबा, तुमची ती जुनी प्रणाली मीसुद्धा चालवतो, माझ्या एका कोपऱ्यात! लावायची शर्यत?"

थोरल्याला सूचनांची भोकं पाडलेली कागदी फीत वाचून जागं व्हायलाच पाऊण तास लागला. धाकटा थांबला, जांभया देत. मग शर्यत सुरू झाली. धाकटा नव्वदाव्या नावावर होता, थोरला खडखडत नवव्यावर. तेवढ्यात वीज गेली.

वीज आल्यावर धाकटा बाईंना म्हणाला, "सुस्वागतम! आपण कोण?"

थोरल्याची स्मृती लोखंडी कड्यांची. वीज गेली तरी तिच्यातलं काही पुसलं जात नसे. 'वाघ' छापून तो थांबला होता. 'मारे' छापून तो पुढे निघाला, थेट शंभराव्या नावापर्यंत.

बाईंनी भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं.

आता थोरला धाकट्याला रोज जुन्या गोष्टी सांगतो. वीज गेली की धाकट्याला वाटतं, सुटलो. वीज येते, आणि थोरला अर्ध्या वाक्यापासून पुढे सुरू करतो.